दादाचं आतडं पुण्याला नेताना

माहेरी लोक लोणची-पापड आणायला जातात. मी माझ्या भावाचं मोठं आतडं आणायला निघाले होते, अर्थात भावासकट.

आमचे आबा आतड्याच्या कॅन्सरने गेले. मागल्या वर्षी माझ्याही आतड्यात एक कोंब (पॉलिप) सापडला आणि वेळीच काढून टाकला. डॉक्टरांनी बजावलं, ‘भावाचीही दुर्बिणीने तपासणी करा, उशीर नको.’ दादा मात्र वर्षभर मला चकवत होता. आधी भातकापणी, मग कंपनीत शिफ्ट, मग गणपती. शेवटी मी पुण्यात, माझ्याच डॉक्टरांकडे, मंगळवारची वेळ घेतली आणि शनिवारी गावच्या एसटीत बसले. मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. युक्तिवादात हरणार नाही याची मला खात्री होती.

खोपोलीचा घाट उतरला की हवा अंगाला चिकटू लागते. पेणच्या स्टँडबाहेर कारखान्यांच्या पडव्यांत न रंगवलेले गणपती पौषातच रांगेने बसले होते. पापडवाल्या मावशीने पिशवी पुढे केली. “घे गो बाय, पोह्याचं हायत.” मी खारवलेल्या आणि तळलेल्या पदार्थांवर दोन उपदेशपर वाक्यं बोलले. मावशी शांतपणे म्हणाली, “मग भाजून खा.” मी दोन पाकिटं घेतली.

वडखळला धरमतरच्या खाडीचा वारा खिडकीतून आत आला आणि त्याच्यामागोमाग सुकटीची (वाळवलेल्या बारीक कोळंबीची) टोपली घेऊन एक बाई. टोपली निम्मी माझ्या मांडीवर टेकवून तिने विचारलं, “कुठं चाललीस गो?”

“भावाला तपासणीसाठी न्यायला.”

“पुरुषमाणूस सरळ जातो काय दवाखान्यात? धरूनच न्यायला लागतो.” मिठागरांचे पांढरे ढीग मागे पडेपर्यंत तिने आपल्या नवऱ्याच्या दाढेची कथा सांगितली. मी नागोठण्यापर्यंत हसत होते.

खांबला दादा स्कूटर घेऊन उभा होता, धाटावच्या रासायनिक कारखान्यातली पहिली शिफ्ट करून थेट आलेला. घरी वहिनी आणि दोन्ही पोरं वाट पाहत होती. तपासणीचं नाव काढताच दादा म्हणाला, “येतो की! पण उद्या आधी पोपटी लावू.” इतक्या सहज होकार मिळाल्याने मी हुरळून गेले.

पोपटी (मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा) म्हणजे इथल्या थंडीची मेजवानी. भात निघाल्यावर शेतात उरलेल्या ओलीवर वाल येतो. मडक्यात भांबुर्डीचा पाला, त्यावर शेंगा, मीठ, ओवा. तोंडाला पुन्हा पाला कोंबायचा, मडकं उलटं ठेवायचं आणि भोवती गवत-काटक्या पेटवायच्या. पाण्याचा थेंबही घालायचा नाही. रविवारी संध्याकाळी मडकं भाजून झाल्यावर दादाने पाला ओढला आणि त्या वासाने माझं उरलंसुरलं पुणेरीपण गळून पडलं.

“खा, दादा, खा,” मी म्हणाले. “वालाचा चोथा आतड्यातले जिवाणू आंबवतात. त्यातून एक आम्ल निघतं, खवट लोण्याला वास येतो ना, तेच. जनुकं प्रत्येक पेशीत सगळीच असतात, पण कोणतं चालू, कोणतं बंद, हे ठरण्यात अशा आम्लांचाही हात असतो. बेफाम वाढू पाहणाऱ्या पेशीला ते आवरायला मदत करतं.”

“म्हणजे प्लांट आबांचा, पण व्हॉल्व्ह माझ्या हातात?”

वर्गात इतका हुशार विद्यार्थी मला कधी लाभला नव्हता. “काही व्हॉल्व्ह,” मी म्हणाले आणि त्याच्यापुढे आणखी शेंगा ओतल्या.

“आणि वायू?”

“तो त्याच आंबण्यातून होतो.”

“धाटावात असा सोडला तर मेमो मिळतो,” दादा म्हणाला. पोरं हसून लोळली.

तेवढ्यात वहिनी बाहेर आली आणि पत्रावळी पाहून थबकली. “अवो, रोह्याच्या डॉक्टरना इचारायला गेलावतात, त्यांनी काय सांगितलंवतं? तपासणीच्या आधी वाल, शेंगा काय खायचं नाय. आतडं साफ लागतं. वन्सं, तुम्हाला पण ठावं नाय?”

मला चांगलं ठाऊक होतं. माझ्या तपासणीआधी मी स्वतः पेजेवर दिवस काढले होते. विद्वत्ता पाजळताना सगळं विसरले. दादा निखारे ढोसत बसला होता.

“तू मुद्दाम केलंस?”

“व्हय. पण भरवलंस तू.”

मी संतापले, आणि मग मला रडू यायला लागलं. दादाने काठी खाली ठेवली. “नीमे, आबांनी जन्मभर वालच खाल्ला. मग त्यांच्या व्हॉल्व्हला काय झालं?”

“माहीत नाही, दादा. चांगल्या खाण्याने धोका कमी होतो, संपत नाही. म्हणून तर आत बघायचं. तू गेलास तर मी कोणाकडे येऊ? मला फार भीती वाटते.”

निखाऱ्यांवर माती लोटत तो म्हणाला, “मला पण. आबांचे शेवटचे दिवस बघितलेत मी.”

सोमवारी खांबच्या एसटीडी बूथवरून पुण्याला फोन लावला. लाइन खरखरत होती, म्हणून मला ओरडावं लागलं. “नाही, पोट साफ नाही! वाल खाल्लेत! हो, भावाने! शुक्रवारी चालेल?” काचेबाहेरची रांग कान देऊन ऐकत होती. दुपारपर्यंत दादाचं आतडं साऱ्या पंचक्रोशीच्या मालकीचं झालं. नाक्यावरच्या भजीवाल्याने त्याला बशी दिली नाही. “तुला नाय. साफ ठेवायचंय.” शिफ्टच्या बसमध्ये सोबत्यांनी त्याच्या डब्याची झडती घेतली, त्यात वहिनीची पेज निघाली. असा पहारा एकटीने मला जमला नसता.

बुधवारी दादा, वहिनी आणि मी पुण्याची एसटी पकडली.

तपासणीत दोन कोंब सापडले. डॉक्टरांनी ते तिथल्या तिथे काढले. पुढे अहवाल आला तेव्हा कळलं, ते कॅन्सर नव्हते, पण वाट तीच होती. जाताना माझ्या डोक्यात सगळी उत्तरं होती. येताना एवढंच कळलं होतं की माणूस तपासणीला घाबरत नाही, आपल्या बापाच्या शेवटच्या दिवसांना घाबरतो.

गुंगी उतरल्यावर दादाला मी कोंबांबद्दल सांगितलं. तो वहिनीचा हात धरून म्हणाला, “पोरं मोठी झाली की त्यांना मी घेऊन येईन. ऐकायची नायत, पण आणीन.”