लांबपोळीचा फोटो

केसरबाईची लेक रिना चंद्रपुरात जगभर शाखा असलेल्या विमा कंपनीत नोकरीला लागली. पहिल्या दिवशी तिचं आडनाव विचारून झालं, आणि दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या टेबलावर तिला जागा नसायची. दोन हजार सहा साली कंपनीनं समानतेचा दिवस ठरवला. प्रत्येकानं घरचं आणायचं, सगळ्यांनी मिळून खायचं.

"माय, लांबपोळ्या करून देशील?" रिनानं विचारलं. तिला त्या टेबलावर बसायचं होतं.

केसरबाईनं सैल कणीक आपटून आपटून तार धरेपर्यंत मळली. एकेक पोळी दोन्ही हातांवर कोपरापर्यंत लांबवून चुलीवरच्या उलट्या मडक्यावर टाकली. हात चुकला की पोळी फाटते. एकही फाटली नाही.

संध्याकाळी डबा भरलेलाच परत आला.

"काऊन वं, कोणी खाल्ल्या नाई?"

"मोठ्या सायबानं एक हातावर धरून फोटो काढला. म्हणे, ही तर ओढणीच! सगळे हासले."

"अन् मंग?"

"मंग आपापले डबे घेऊन टेबलावर बसले."

"तुले बोलावलं नाई?"

"फोटोत बोलावलं होतं."

पोळ्या वातड झाल्या होत्या. मायलेकींनी त्या तशाच चावून संपवल्या. दुसऱ्या दिवशी केसरबाईनं डबा भरला, तो एकट्या रिनापुरताच.