सगळीकडे पोचलेलं औषध

माणसाच्या शरीरातल्या दोन पेशींमधल्या फटीवर आमच्या दाजींइतका जीव लावलेला माणूस अख्ख्या नाशकात दुसरा झाला नसेल. दाजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. शेजारशेजारच्या पेशी जिथे एकमेकींना घट्ट जखडून बसतात, त्या सांध्यांचा विषय त्यांना सत्तरच्या दशकात कुठून तरी चावला आणि त्याचा ताप आमच्या साऱ्या गोतावळ्याला चढला. लग्नाच्या पंगतीत ते शेजाऱ्याच्या खांद्याला खांदा भिडवून सांगत, "आतड्याच्या पेशी अशा बसतात. नुसत्या चिकटून नव्हे, वरच्या कडेला शिवल्यासारख्या! म्हणून तुमच्या या मठ्ठ्याला फटीतून घुसता येत नाही. पेशी आत घेईल तेवढंच रक्तात." शेजारी मठ्ठ्याची वाटी हळूच खाली ठेवी. एकदा सातपूरला आमच्या कारखान्यात माझा विसरलेला डबा घेऊन आले आणि पंपाचं गॅस्केट बघताच आमच्या फोरमनला थेंबही गळू न देणाऱ्या मूत्राशयाच्या अस्तराची थोरवी सांगत सुटले. शिफ्ट बदलली तरी फोरमन जागचा हलेना, कारण दाजींनी त्याच्या शर्टाचं बटण धरून ठेवलं होतं. ताई म्हणायची, "अहो, माणसांना श्वास तरी घेऊ द्या." आणि स्वतःच आधी हसायची.

मग ताईच्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं, औषधं मुंबईहून आणली. तिचे केस गेले, पण गाठ परतली नाही. दाजी पुन्हा बोलू लागले, घर पुन्हा हसू लागलं. पुढच्या थंडीत ताई एकाएकी चमच्याला पळी आणि मला दाजी म्हणायला लागली. चालताना तोल जायचा. डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बोलावलं. "बाकी शरीर स्वच्छ आहे, पण मेंदूत गाठी झाल्यात. हे औषध रक्तातून तिथे उतरत नाही. त्याचं असं असतं, की मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या पेशी..."

"माहीत आहे," दाजी म्हणाले. या विषयावर मी त्यांच्याकडून ऐकलेले सर्वांत कमी शब्द.

मग म्हणाले, "डोस वाढवून बघा."

"मेंदूपर्यंत पोचायच्या आत बाकीचं शरीर जाईल, सर."

किरणांचे शेक दिले. त्यानं थोडे दिवस बरे गेले. अशाच एका दुपारी ताईनं अगदी स्वच्छ विचारलं, "अहो, औषध सगळीकडे पोचलं, मग डोक्यातच का नाही?"

दाजी तिच्या उशाशी बसले. मोठ्या आवाजाची सवय असलेला तो माणूस हलक्या आवाजात सांगू लागला. रक्तात बरंवाईट काय काय वाहत असतं, ते मेंदूत शिरू नये म्हणून तिथल्या वाहिन्यांच्या पेशी सगळ्यात घट्ट जोडलेल्या असतात. त्यांना विष आणि औषध वेगळं ओळखता येत नाही.

"म्हणजे माझ्या भल्यासाठीच अडवतात?"

"हो."

"मग त्यांना काय बोलणार," ताई म्हणाली आणि दाजींच्या हातावर हात ठेवून डोळे मिटून पडून राहिली. दाजी उठून अंगणात गेले आणि पाण्यानं भरलेली बादली पुन्हा भरत उभे राहिले.

उन्हाळा लागायच्या आत ताई गेली.

दाजी पुढेही कॉलेजात तो धडा शिकवत राहिले. मुलं सांगायची, सर नीट शिकवतात, फक्त मेंदूचा भाग पुस्तकातून वाचून दाखवतात, मान वर न करता. लग्नाच्या पंगतीत ते आता मुकाट्यानं जेवत आणि ते पुन्हा बोलतील या आशेनं त्यांच्या शेजारची जागा लोक आपण होऊन पकडत. नातेवाइकांना त्यांच्या बडबडीची इतकी सवय झाली होती, हे आम्हाला तेव्हा कळलं.

मी इंदिरानगरला राहायला गेल्यावर ते रविवारी यायचे. पेपर चाळायचे, चहा घ्यायचे, निघायचे. एकदा आमच्या सौभाग्यवती काहीतरी बोलल्या आणि मी मोठ्यानं हसलो. दाजींच्या हातातला कप थांबला. "अरे," ते म्हणाले, "हे हसणं तिचं आहे. मला इतकी वर्षं कसं कळलं नाही? पुन्हा हस बरं जरा."

मी प्रयत्न केला. जमेना. दाजी मान थोडी कलती करून, वाट बघत बसून राहिले.