गोऱ्हे अंगणात शिरले तेव्हा

२०१५च्या नोव्हेंबरात, लग्नानंतर दोन महिन्यांनी मी आयर्लंडला आले. नवऱ्याची नोकरी ॲथलोनला, एका टेलिकॉम कंपनीत. शहरात भाड्याचं घर मिळेना, म्हणून मी येण्याआधीच त्याने पंधरा किलोमीटरवर, कुरणांच्या मधोमध एक बंगला भाड्याने घेऊन ठेवला होता. फोटोत तो मला फार आवडला होता.

पुण्यात मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करायचे. इथे माझ्या व्हिसावर नोकरीची परवानगी नव्हती. नवरा सकाळी साडेसातला गाडी घेऊन जायचा, तो सहाला परत. बस मोठ्या रस्त्यावरून जायची. तिथवर अडीच किलोमीटर, एकच गाडी मावेल एवढा रस्ता आणि दोन्हीकडे काटेरी झुडपांची उंच कुंपणं. पहिल्याच आठवड्यात मी चालत निघाले, तर समोरून ट्रॅक्टर आला. बाजूला व्हायला जागा नव्हती. झुडपात पाठ रुतवून उभी राहिले. ट्रॅक्टरवाल्याने स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून मला नमस्कार केला आणि गेला. थांब्यावर पोचले तोवर बस गेली होती. पुढची संध्याकाळी होती. परत आले आणि स्वेटरमधले काटे काढत बसले.

आईचा व्हिडिओ कॉल रोज यायचा. मी फोन खिडकीकडे वळवायचे.

"किती हिरवं आहे गं सगळं," ती म्हणायची. "माणसं कशी दिसत नाहीत?"

"थंडी आहे ना, घरात बसतात."

फोन ठेवला की लक्षात यायचं, आज दिवसभरात आपण मोठ्याने बोललो ते एवढंच. दुपारी तीनच्या सुमाराला मी स्वच्छ भांडी पुन्हा घासायला काढायचे. साडेचारला बाहेर अंधार व्हायचा आणि मला बरं वाटायचं, एक दिवस संपला म्हणून.

नवरा वाईट नव्हता. "कंटाळा येतो का?" असं तो अधूनमधून विचारायचा. मी नाही म्हणायचे. त्याने एवढं सगळं जमवून आणलेलं, त्यात कुरकुर कशी करायची?

एप्रिलमध्ये, हिवाळाभर गोठ्यात ठेवलेली गुरं कुरणात सोडली त्याच आठवड्यात, एका सकाळी स्वयंपाकघरातला उजेड अचानक कमी झाला. वर पाहिलं तर खिडकीबाहेर एक गोऱ्हा जिभेने काच चाटत होता. त्याच्यामागे आणखी बारा-तेरा. कुंपण मोडून सगळे अंगणात शिरले होते. एकाच्या शिंगविरहित डोक्यावर माझी वाळत घातलेली ओढणी.

नवऱ्याला फोन केला. तो मीटिंगमध्ये होता. "घरमालकाला फोन कर," एवढंच हळू आवाजात म्हणाला. घरमालकाने उचलला नाही. मी दोन्ही दारांना कुलपं लावली, जणू त्यांना कडी उघडता येणार होती, आणि हॉलमध्ये जमिनीवर बसले. भीती होतीच, पण त्याहून जास्त राग येत होता. शहरात जाता येत नव्हतं, रस्त्याने चालता येत नव्हतं, आता दारातही जाता येत नव्हतं.

तासाभराने खिडकी वाजली. समोरच्या शेताची मालकीण होती. सत्तरी ओलांडलेली विधवा, गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घातलेली, हातात गुरं हाकायला निळ्या पाइपाचा तुकडा. तोवर आम्ही एकमेकींना फक्त लांबून हात केला होता.

"बाहेर ये."

"मला भीती वाटते."

"त्यांनाही वाटते. कोट घाल."

तिने तिच्या शेताचं फाटक उघडलं आणि मला रस्त्यावर फाटकाच्या थोडं पुढे नेऊन मधोमध उभं केलं. "हात पसर. हलू नकोस. अंगावर आले तर ओरड."

"काय ओरडू?"

"काहीही."

तिने मागून हाकलले. सगळा कळप माझ्याकडे धावत आला. मी "हट्! मागे व्हा!" असं मराठीत ओरडले. पाच महिन्यांत इतका मोठा आवाज काढला नव्हता. पुढचा गोऱ्हा थबकला, माझ्याकडे बघून फाटकातून शेतात वळला. बाकीचे त्याच्यामागे.

त्यानंतर गुरं हलवायची असली की ती दार वाजवायची. "काही करत्येस का?" दर वेळी मला "नाही" म्हणावं लागायचं. ते मला टोचायचं, पण मी जायचे.

एकदा तिने विचारलं, "तुला गाडी चालवता येत नाही?" आणि दुसऱ्या दिवसापासून तिच्या जुन्या जीपवर मला शेतातच शिकवायला लागली. फार बोलायची नाही. "क्लच. आता सोड." मी कुरणाच्या कडेकडेने गोल फिरत राहायचे. महिनोन्‌महिने तेच कुंपण, तेच कोपरे. मग रीतसर शिकवणी लावली, रस्त्यावर आले. पहिल्या परीक्षेत नापास झाले, दुसऱ्यांदा पास. नवऱ्याने हौसेने माझ्यासाठी एक जुनी गाडी आणली.

पहिल्या सकाळी मी एकटी ॲथलोनला गेले. नदीकाठी गाडी लावली, इंजिन बंद केलं आणि तशीच बसून राहिले. कुणाकडे जायचं नव्हतं. काम करायला परवानगी नव्हती. किराणा शनिवारीच आणलेला. शेवटी कोथिंबिरीची एक जुडी घेतली आणि बाराच्या आत घरी आले. तो सगळा आठवडा मी असंच केलं. फ्रिजमध्ये पाच जुड्या जमल्या.

शुक्रवारी जेवताना नवरा म्हणाला, "आता तरी बरं वाटतंय ना?"

"नाही," मी म्हणाले. "मला इथे राहायचं नाहीये. आल्यापासूनच नाहीये."

त्याने घास खाली ठेवला. "कधी बोलली नाहीस."

"तू थकून यायचास. आणि विचारायचास ते असं, की नाही म्हणणंच सोपं."

तो ताट सिंकमध्ये ठेवून आला. मग म्हणाला, "मला वाटायचं, तुला शांतता आवडते."

लगेच काही बदललं नाही. त्याला दुसरी नोकरी मिळायला आणखी वर्ष लागलं. ते वर्ष सगळ्यांत अवघड गेलं, कारण आता दोघांनाही माहीत होतं. मग आम्ही नावन या शहरात आलो, भिंतीला भिंत लागून असलेल्या घरांच्या रांगेत. पुढे २०१९मध्ये व्हिसाचा नियम बदलला आणि मला एका दवाखान्यात रिसेप्शनवर काम मिळालं. लॅबचं नव्हे, पण दिवसभर लोक माझ्याशी बोलायचे.

कुरणातलं ते घर सोडलं त्या दिवशी शेजारीण शेतात होती. मी निरोप घ्यायला गेले तर तिने हातमोजा काढून हात मिळवला. "बरं झालं," ती म्हणाली. "तू इथली नव्हतीस." मला जरा लागलं. पण ते खरं होतं, आणि इतक्या वर्षांत ते तोंडावर सांगणारी ती एकटीच होती.