मंडळाच्या हॉलमधली पंगत

एका पंगतीत जेवलेली माणसं एकमेकांना परकी राहत नाहीत. सेक्टर २ मधल्या आमच्या मराठी मंडळाच्या सामुदायिक स्वयंपाकघराच्या उद्घाटनाला प्रमुख पाहुण्यांनी हे सांगितलं, नारळ फोडला, आणि दुसरीकडे आणखी एक उद्घाटन असल्यामुळे न जेवताच गेले.

पंगत काही बसली नाही. दर रविवारी आम्ही काही जण हॉलमागे वरण, भात, भाजी रांधायचो आणि लोक डबे घेऊन यायचे. बहुतेक इथल्या स्टील प्लांटमधून निवृत्त झालेले. शिफ्टमध्ये जन्म गेला. घरात बाप जेवायचा तेव्हा पोरं शाळेत, पोरं जेवायची तेव्हा बाप झोपलेला. जेवण म्हणजे डबा, आणि डबा म्हणजे भरून निघायचं. हॉलमध्ये सतरंज्या अंथरायचा आम्हालाही पुढे कंटाळा आला.

स्वयंपाक शेजारच्या काकूंच्या हाताखाली चाले. काका गेल्यापासून त्या क्वार्टरमध्ये एकट्याच. मुलगा पुण्याला, आईला कायमचं घेऊन जाण्यासाठी तो येणार होता. शनिवारी रुआबांध्याच्या बाजारातून आणलेली भाजी निवडता निवडता काकू म्हणाल्या, "त्याले मी फोनवर सांगून बसली, रविवारी सारे माझ्यासंग बसून जेवतात म्हणून. उद्या तो पाहाले येऊन राहिला."

"मग?"

"मग काय! हॉल रिकामा दिसला तर सामान बांधाच लागन. मले नाही जायचं, भाऊ. तिथं दिवसभर काय लिफ्टशी बोलू?"

संध्याकाळी मी घरोघर फिरलो. या वयात लोकांना जेवायचं आमंत्रण देणं एवढं अवघड असेल असं वाटलं नव्हतं.

"बसून कावून?" एक निवृत्त क्रेन ऑपरेटर म्हणाले. "डब्यात काय खराबी आहे?"

मी काकूंची अडचण सांगितली.

"किती वेळ बसावं लागन?" त्यांनी ओव्हरटाइमच्या सुरात विचारलं.

रविवारी सगळे बसले. भिंतीला पाठ, बाजूला रिकामा डबा, तोंडं शोकसभेतली. मुलगाही बसला. कोणी कोणाशी बोलेना. बसायला सांगितलं होतं, बोलायला सांगायचं माझ्या लक्षात आलं नव्हतं.

वाढून झालं. क्रेनवाल्यांनी वरणाचा पहिला घास घेतला आणि हात थांबवला.

"काकू, पाहुणा पुण्याचा आहे, त्याची सजा आमाले कावून? मिरची कुठं आहे यात?"

"झोंबाले पाहिजे असन तर घरून आणा," पातेल्यामागून काकू म्हणाल्या. "तुमच्या घरचा तर चहाबी पचपचा असते."

"काकी सही बोल रही हैं," कोपऱ्यातून कोणीतरी इथल्या हिंदीत म्हणालं, आणि सगळी पंगत एकदम बोलायला लागली. चहा, मिरच्या, मागच्या रविवारचा करपलेला भात, कोणालाच सोडलं नाही.

मुलाने हळूच विचारलं, "आई, नेहमी असंच भांडता तुम्ही?"

"मग? तिथं कोणाशी भांडू?"

संध्याकाळी त्याने दोन तिकिटांपैकी एक रद्द केलं. स्टेशनवर सोडायला मीच गेलो. आईभोवती इतकी माणसं आहेत हे आपल्याला ठाऊक नव्हतं, असं तो म्हणाला. मीही मान डोलावली. घरोघर फिरून दमलेल्या माणसाला एवढ्याने बरं वाटतं.

पुढच्या रविवारी सतरंज्या आधीच अंथरून ठेवल्या. काकूंनी वरणाला फोडणी दिली, खाली बसून गुडघे फार धरतात म्हणाल्या, आणि सगळ्यांत आधी आपला डबा भरून घरी गेल्या.