उंटाचं आडनाव

पुस्तकाच्या शेवटच्या पानावर माझा फोन नंबर छापायचा, हा हट्ट माझ्या मैत्रिणीचा. "पोरं विचारतील ना काही! मी शाळेत असते, तू रिकामीच आहेस," असं तिचं म्हणणं. ती एका शाळेत चित्रकला शिकवायची. मी सरकारी कचेरीतून नुकतीच निवृत्त झाले होते. मजकूर माझा, चित्रं तिची, असं आमचं ठरलेलं होतं, पण खोड्या सगळ्या तिच्याच असत.

आमचं पहिलं पुस्तक साधं होतं. एक उंट नागपुरात येतो आणि भाड्यानं खोली शोधतो. कुणी म्हणतं मान आत मावणार नाही, कुणी विचारतं घरात काय शिजवणार, आणि प्रत्येक घरमालक शेवटी विचारतो, "आडनाव काय?" उंटाला आडनाव नसतं. शेवटी तो बर्डीच्या पुलाखाली राहतो.

ही गोष्ट आम्हाला सापडली ती आमच्या तरुणपणी. नोकरी लागल्यावर आम्ही दोघी मिळून खोली शोधत होतो. एका घरमालकिणीनं चहा दिला, खोली दाखवली, नळ किती वाजता येतो ते सांगितलं आणि मग आडनावं विचारली. माझं ऐकून मान हलवली. तिचं ऐकल्यावर कपबश्या उचलल्या, आणि खोलीचं पुतण्याशी आधीच बोलणं झालंय हे बाईंना एकदम आठवलं. आम्ही रस्त्यावर आलो. मैत्रीण म्हणाली, "उंट आला असता तं त्याले दिली असती का वं हिनं?" आणि खूप हसली. मला हसू आलं नाही.

उंट मुलांना आवडला. प्रकाशक म्हणाले, आता याच्या सोबतीला एक पुस्तक करा, रंगवा, जोड्या लावा, गाळलेल्या जागा भरा, शाळा असली पुस्तकं घेतात. आम्ही कामाला बसलो आणि भलतंच काहीतरी झालं. "उंटाच्या खोलीला तीन खिडक्या आहेत. चौथ्या खिडकीतून काय दिसतं?" असा पहिला प्रश्न. एका पानावर लिहिलेलं, "उत्तरासाठी पान तेवीसवर जा," आणि पान तेवीसवर नुसता उंटाचा चेहरा आणि खाली, "इकडे कशाला आलात?" शेवटी उत्तरांचं पान होतं. पहिलं उत्तर 'हो'. दुसरं 'मंगळवारी'. तिसरं 'उंटाला विचारा'. ही उत्तरं कुठल्या प्रश्नांची, ते आम्हालाही माहीत नव्हतं. आणि मधल्या एका पानावर फक्त एवढंच होतं, "उंटाचं आडनाव ओळखा", आणि खाली मोकळ्या रेघा.

पुस्तक आलं आणि फोन सुरू झाले. एक आई म्हणाली, छपाईत घोळ झालाय, उत्तरं जुळत नाहीत, प्रत बदलून द्या. एका वडिलांनी विचारलं, "याचा स्कॉलरशिपच्या परीक्षेला उपयोग काय?" एका गृहस्थांनी सांगितलं की मुलांच्या बुद्धीशी असा खेळ करणं बरं नाही, आणि मग स्वतःच चौथ्या खिडकीबद्दल बराच वेळ बोलत राहिले. मुलं मात्र थेट मुद्द्यावर यायची. "काकू, मंगळवारी काय?" एवढं विचारून एक मुलगा उत्तराची वाट पाहत थांबला. मी म्हटलं, "तुला काय वाटतं?" तो म्हणाला, "मले वाटते मंगळवारी उंट आंघोळ करते." आणि फोन ठेवला.

आडनावं तर रोज यायची. वाळवंटकर, उंचेकर, पुलाखालचे. पारशिवनीहून एका मुलीनं आपलंच आडनाव देऊन टाकलं. म्हणाली, "आमच्या घरी जागा आहे. आबांले विचारलं मी."

मी हे सगळं संध्याकाळी मैत्रिणीला सांगायची आणि ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायची.

मग एका शाळेच्या मुख्याध्यापिकेचा फोन आला. त्यांनी बरीच पुस्तकं घेतली होती, ती परत पाठवत होत्या. "बाकी सगळं छान आहे हो. पण ते आडनावाचं पान! मुलं वर्गात एकमेकांना विचारायला लागली. पालक आले तक्रार घेऊन. मुलांच्या पुस्तकात हे कशाला?" मी म्हटलं, "मॅडम, मुलं आधी विचारत नव्हती का?" त्या म्हणाल्या, "विचारत असतील. पण पुस्तकात नव्हतं ना." वाटायचे राहिलेले गठ्ठे सुतळीसुद्धा न सोडता परत आले.

त्याच वर्षी तिचे पाय सुजायला लागले. चपलेचा पट्टा बसेना, तेव्हा ती मोठी चप्पल घेऊन आली. डॉक्टरकडे गेली तोवर दोन्ही किडन्या जवळजवळ संपल्या होत्या. तिनं लग्न केलं नव्हतं, मोठ्या भावाच्या घरी राहायची. भाऊ किडनी द्यायला तयार होता, पण त्याला स्वतःलाच शुगर निघाली. त्यानंतर घरात तो विषय कुणी काढला नाही. आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं आणि मी तिच्यासोबत जायला लागले.

तो वॉर्ड म्हणजे एक लांब खोली, दोन्ही भिंतींना बेड, प्रत्येकाजवळ एक मशीन. बाहेर मे महिन्याची नागपूरची आग आणि आत सगळे ब्लँकेट पांघरून पडलेले, कारण रक्त नळीतून फिरून आलं की थंडी वाजते. पाणी मोजून प्यायचं. ती बर्फाचा एक खडा तोंडात धरून बसायची आणि तो संपू नये म्हणून बोलायची नाही. सुया डाव्या हातात, त्यामुळे उजव्या हातानं चित्र काढता यायचं. पायात गोळे आले की पेन्सिल पडायची आणि मी पोटऱ्या दाबायची.

तिच्या शेजारच्या बेडवर एक ऑटोवाले होते. ऑटो आता मुलगा चालवायचा. चार तास काय करायचं म्हणून त्यांनी एक दिवस आमचं सोबतीचं पुस्तक उचललं. थोड्या वेळानं वैतागून म्हणाले, "हे काय छापून राहिले मॅडम? खोलीले तीनच खिडक्या, तं चौथी कुठून आणू?"

"तुम्हीच पाहा," ती म्हणाली.

पुढच्या वेळी ते येताच, वजन करायच्याही आधी बोलले. "ते चौथी खिडकी शेजाऱ्याची आहे. उंटाची मान लांब, तो तिथून त्यांच्या घरात पाहते. म्हणून भांडणं होतात." सगळा वॉर्ड हसला. टेक्निशियनही हसली, आणि सुई टोचताना तिनं विचारलं की मग शेजारी पडदा का लावत नाहीत.

समोरच्या बेडवर एक निवृत्त बँक अधिकारी होते. इस्त्रीचा शर्ट घालून यायचे, कुणाशी फारसं बोलायचे नाहीत. त्यांनीही पुस्तक मागून घेतलं. त्यांनी ते परीक्षेचा पेपर सोडवावा तसं धरलं. "पान तेवीसवर उत्तर नाही. ही चूक आहे," त्यांनी जाहीर केलं. "चूक नाही, तुम्ही तिकडे कशाला गेले?" ऑटोवाले म्हणाले. दोघांची जुंपली. अधिकारी चिडून उठायला गेले आणि मशीन बोंबलायला लागलं. मैत्रीण इतकी हसली की तिला खोकला आला. घरी परतताना म्हणाली, "आपल्या पुस्तकाचे खरे गिऱ्हाईक हेच आहेत वं. पोरांले बाहेर खेळाले जाता येते. हे कुठं जातील?"

काही आठवडे असे गेले. मी कधीकधी फोन स्पीकरवर ठेवायची, मुलांचे प्रश्न वॉर्डला ऐकवायची आणि वॉर्ड उत्तरं द्यायचा. त्या खोलीत मी तिला शाळेतल्यापेक्षा जास्त खूश पाहिलं, हे लिहितानाही मला विचित्र वाटतं.

मग आडनावाचं पान आलं. ऑटोवाल्यांनी सुचवलं, उंटाचं आडनाव 'भाडेकरू' ठेवा. कुणी म्हणालं 'उंटवाले'. अधिकारी विचार करून म्हणाले, "असं नाही. आडनावावरून माणूस कुठला, कसा, हे कळतं. उंट राजस्थानचा. त्याला तिकडचं घराणं द्यायला हवं." मग ते सहज, खरंच अगदी सहज, तिच्याकडे वळले. "तुमचं आडनाव काय मॅडम? इतके दिवस विचारायचं राहूनच गेलं."

तिनं सांगितलं.

ते "अच्छा" म्हणाले. पुस्तक मिटून त्यांनी पायाशी ठेवलं आणि पेपर उघडला. ऑटोवाल्यांनी एकदा त्यांच्याकडे आणि एकदा तिच्याकडे पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. मी बर्फाची वाटी पुढे केली. तिनं मानेनंच नको म्हटलं.

पुढच्या वेळी अधिकारी खोलीच्या दुसऱ्या टोकाला होते. "इथं एसीची हवा थेट अंगावर येते," असं त्यांनी टेक्निशियनला सांगितलं होतं. एसी त्या बेडपासून बराच लांब होता. त्या दिवशी मी फोन बंद ठेवला.

"तू काहून तोंड पाडून बसली वं?" तिनं विचारलं.

"त्यांना जाऊन बोलू का काही?"

"काय बोलशील? त्याच्या अंगातून पण रक्त काढून साफ करून राहिले, माझ्यापण. मशीन सारखंच आहे. आणखी काय सांगणार तू त्याले?" ती रागानं बोलत नव्हती. थकली होती.

दिवाळीच्या सुमारास तो टोकाचा बेड रिकामा दिसला. तिथं कुणी कुणाचं विचारत नाही. दुसऱ्या आठवड्यात तिथं दुसरंच माणूस होतं. तिनं टेक्निशियनकडे नुसतं पाहिलं आणि टेक्निशियननं मान हलवली. "त्यांच्या घरी कोण होतं?" तिनं विचारलं. "मिसेस. मुलगा पुण्याला आहे," टेक्निशियन म्हणाली. जाताना मैत्रीण म्हणाली, "त्याच्याशी भांडाले पाहिजे होतं मी. एकदा तरी."

त्याच हिवाळ्यात प्रकाशकांचा फोन आला. पुस्तकाची दुसरी आवृत्ती काढू, मात्र आडनावाचं पान काढून टाकू, म्हणजे शाळा पुन्हा घेतील. मी तिला विचारलं. मला वाटलं, ती म्हणेल जाऊ दे. आजारी माणूस बऱ्याच गोष्टी जाऊ देतो.

"नाही," ती म्हणाली. "काढायचं तं सगळंच नका छापू म्हणा."

मी तसं कळवलं. प्रकाशक चांगले गृहस्थ होते, दोनदा समजावून पाहिलं त्यांनी. आवृत्ती निघाली नाही. पुस्तक आता कुठं मिळत नाही.

फेब्रुवारीत तिच्या हातातली डायलिसिसची शीर बंद पडली. मग मानेत नळी घातली आणि त्या नळीतून जंतुसंसर्ग झाला. ताप चढायचा, उतरायचा. चित्र काढणं थांबलं. एकदा पेन्सिल हातात दिली तर तिनं ती उलटी धरली आणि बराच वेळ कागदाकडे पाहत राहिली. मी पेन्सिल काढून घेतली, तिला कळलंही नाही. शेवटचे दोन दिवस ती मला ओळखत नव्हती. भावाला मात्र ओळखायची, आणि त्याला सारखी विचारायची, "जेवलास का?"

ती सकाळी गेली. ऊन चढायच्या आत नेऊ, असं सगळे म्हणत होते. भंतेजी आले, त्रिशरण-पंचशील झालं, शाळेतली मुलं पांढऱ्या गणवेशात दाराबाहेर रांगेत उभी होती. भावानं तिच्या पायांवरून साडी नीट केली. पाय अजून सुजलेलेच होते.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी मुख्याध्यापिका आल्या, ज्यांनी पुस्तकं परत केली होती त्याच. मेणबत्ती लावून माझ्याजवळ बसल्या. "फार गुणी होत्या हो. मुलांना ते पुस्तक किती आवडलं होतं! अजून विचारतात." त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. मी त्यांना चहा दिला. दुसरं काय करायचं ते मला अजूनही कळलेलं नाही.

लोक पांगत होते तेव्हा ऑटोवाल्यांचा फोन आला. मागे मशीनचा आवाज येत होता.

"मॅडम, यायचं होतं मले. पण आज माझी पाळी आहे."

"असू द्या. तब्येत कशी आहे?"

"आहे. तुम्ही कशा आहात?" मग आवाज खाली आणत म्हणाले, "त्यांच्या बेडवर एक पोरगी आली आहे. कॉलेजातली असन. पहिलाच दिवस आहे तिचा. रडून राहिली सकाळपासून."

"सोबत कोणी आहे का?"

"माय आहे. तेही रडून राहिली."

"मग?"

"मंग काय. चार तास आहेत," ते म्हणाले. "पाहतो, बोलते का तं."