नाका उघडेपर्यंत

लंडनमधल्या हॅरोच्या ऑफिसात माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण पॅलेस्टाईनमधल्या एका खेड्यातली. आल्या आल्या ती मोबाईलवर तिकडच्या टॅक्सीवाल्यांचे निरोप ऐकायची. एकदा मी कारण विचारलं.

"इस्रायली सैनिकांनी रस्त्यावरचा नाका उघडलाय का, ते कळतं. आज बाबांचं डायलिसिस आहे."

हॉस्पिटल शेजारच्याच गावात होतं, पण नाका ओलांडून. मी गावाहून तालुक्याच्या शाळेत चालत जायचे, पुढे घरातली पहिली पदवीधर झाले. वाटेत कुणी अडवेल, असं कधी मनातही आलं नव्हतं.

"आणि तू उशिरा येणाऱ्या ट्रेनच्या नावाने बोटं मोडतेस," ती हसली.

तेवढ्यात निरोप आला, नाका बंद. तिने घरी फोन केला आणि कामाला लागली.

"काय सांगितलंस?"

"नाका उघडेपर्यंत पाणी कमी प्या, म्हटलं. डायलिसिस चुकलं की अंगात साठतं ना."

तिचा आवाज नेहमीचाच होता.