पारख्याची झोप

"हा म्हातारा आता संपला. अमरावतीहून दुसरा पारखी मागवतो," एजंट साहेब म्हणाले. समोर गणूजी मान खाली घालून उभे होते. सकाळी स्वतःच पहिल्या प्रतीचा ठरवलेला कापूस त्यांनी दुपारी नापास केला होता.

मी अकोल्याच्या त्या गोदामाचा कारभारी. पारखी म्हणजे कापसाचा पुंजका दोन्ही अंगठ्यांत धरून ओढणारा आणि धागा किती लांब, किती चिवट ते बोटांनी सांगणारा माणूस. माझ्या अकरा हंगामांत गणूजींचा हात चुकला नव्हता. आता ते तेल्हाऱ्याच्या एकाच गाडीवाल्याला तीनदा गाव विचारत.

"साहेब, आठ दिवस द्या," मी म्हणालो.

"कशाला?"

"मोजायला."

पाच बोऱ्यांतून दोन-दोन पुंजके काढून मिसळले. रोज सकाळी गणूजींनी बोटांनी ओळखून एकाच बोऱ्यातल्या पुंजक्यांच्या जोड्या लावायच्या. पहिल्या दिवशी एकच जुळली.

"झोपता का नीट?"

"ढिगावर झोपतो ना!"

आमच्याकडे रीतच तशी. ज्याने ढीग पास केला, त्यानेच बोरे शिवेपर्यंत त्यावर झोपायचं. वजन वाढवायला कोणी पाणी मारू नये, हलका माल मिसळू नये म्हणून. पूर्वी हे हंगामात चार-दोन रात्रींचं काम. अमेरिकेत लढाई लागली, विलायतेला आपला कापूस हवासा झाला, आणि एक ढीग उचलला की दुसरा तयार. रात्रभर येणाऱ्या गाड्यांच्या घुंगरांत गणूजींचे दोन महिने अर्धवट झोपेत गेले होते.

"आजपासून माझ्या घरी झोपा."

"कावून? माह्या डोक्यात सरकी भरली म्हनून राहिला का तू? ढीग सोडला तं लोक म्हनतीन, गणूजी मेला!"

माझी भाकर घेऊन आलेली बायको हसली. "मामाजी, ढिगावर तुमचं पागोटं ठेवा. त्याले हात लावाची हिंमत कोनाची हाय? अन् तुमी आमच्या ओसरीवर या."

म्हाताऱ्याला पटलं. ढिगावर पागोटं, खाली राखणदार, आणि आमच्या ओसरीवर गणूजींचं घोरणं. चौथ्या सकाळी दोन जोड्या जुळल्या, सहाव्या सकाळी तीन. आठव्या दिवशीही तीनच.

साहेबांनी स्वतः लावून पाहिल्या. एक जुळली. अमरावतीसाठी लिहून ठेवलेलं पत्र त्यांनी फाडलं.

चुकलेल्या चार जोड्यांपैकी दोन झोपेने परत आणल्या. दोन वयाने नेल्या असाव्यात. तेवढ्यासाठी माणूस बदलायचं कारण मला दिसलं नाही.